मेरिनो थर्मल: थंडीत चालायला जाणाऱ्यांनी घ्याच

दोन हिवाळे झाले हे मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचं थर्मल, म्हणजे कपड्यांच्या आत घालायचं उबदार बनियन, वापरतोय, आधी मी सुती बनियनवर जाड स्वेटर घालून पहाटे चालायला जायचो आणि पंधरा मिनिटांत आतून घामानं ओलाचिंब, मग जरा कुठं थांबलो की हुडहुडी भरायची. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंग गार पाडतं, लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, हा फरक पहिल्याच दिवशी कळला. टोचत अजिबात नाही. बाह्या लांब आहेत आणि अंगठा अडकवायला भोक आहे त्यामुळे हातमोजा आणि बाहीच्या मधून वारा शिरत नाही, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

तक्रार एकच, काखेतली शिवण दुसऱ्या महिन्यातच उसवली, कंपनीला मेल केला तर उत्तरच नाही, शेवटी घरीच टाके घातले. गरम पाण्यात धुवू नका, आटतं. आणि हो, साईज अंगाला घट्ट बसेल अशीच घ्या, ढगळ घेतलं तर उपयोग नाही. वरून पातळ विंडचीटर पुरतो, निघताना थोडी थंडी वाजली तरी चालेल, दहा मिनिटांत अंग तापतंच.