पिकअपच्या मागे घर: छोटा ट्रेलर घ्यावा की मोठी कॅरव्हॅन?

दाजींची पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चार दारांची पिकअप घेतली. आता खरड छाटणी आटोपली की घरच्यांना घेऊन फिरायला मागे ओढायचं घर हवंय. परवा जेवताना त्यांनी मोबाइलवरचे दोन फोटो समोर धरले. एकात पाण्याच्या थेंबासारखा बुटका ट्रेलर होता. आत दोघांच्या झोपेपुरती जागा, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. मुलांसाठी बाजूला तंबू लावायचा. दुसऱ्यात लांबलचक कॅरव्हॅन होती: चौघांची झोपायची सोय, मोरी-संडास, फ्रिज, जेवायला टेबल.

"इंजिनाला काय, दोन्ही ओढेल. तू फक्त कुठलं ते सांग."

ओढेल, हे खरंच. म्हणून ओढण्याचा विषय आधी उरकून टाकतो. या आकाराच्या पिकअप म्हणून आपल्याकडे डोळ्यांसमोर येतात त्या मुख्यतः दोन. इसुझूच्या व्ही-क्रॉसचं 1.9 लिटरचं डिझेल इंजिन 163 पीएस आणि 360 एनएम टॉर्क देतं. टोयोटा हायलक्सचं 2.8 लिटरचं इंजिन 204 पीएसचं, टॉर्क मॅन्युअलला 420 आणि ऑटोमॅटिकला 500. कागदावर हायलक्स बरीच पुढे आहे. पण पाऊण टनाचा ट्रेलर लावून कसारा घाट चढायचा तर व्ही-क्रॉसलाही घाम फुटत नाही. दीड टनाच्या वर गेलात तर फरक जाणवेल, तोही चढावर. मागच्या चाकांना दोघींनाही ड्रम ब्रेकच आहेत. म्हणजे उतारावर महागडी गाडी आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नये.

इथे एक गफलत हमखास होते. इंटरनेटवर शोधलं की हायलक्सपुढे 3500 किलो हा आकडा येतो. तो ऑस्ट्रेलियाचा आहे आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच लागू होतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला त्याच गाडीची तिथली मर्यादा 750 किलो. आपल्या गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघायचं. त्यात आकडा नसेल किंवा ओढू नका असं लिहिलं असेल, तर परदेशातला आकडा उसना आणून चालत नाही.

आता खरा प्रश्न: ओझं नेमकं कुठे येतं. बैलगाडी भरणाऱ्याला तो कधी समजावून सांगावा लागला नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, धुरी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं. ओझं पुढे जास्त झालं की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचंही तेच. उलाळ भरलेला ट्रेलर साठ-सत्तरच्या वेगाला शेपूट हलवायला लागतो आणि हलता हलता पुढची गाडीही हलवतो. म्हणून ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार पुढे, म्हणजे पिकअपच्या मागे बसवलेल्या हुकच्या बॉलवर यायला हवा. आणि तो भार पेलायचा आपल्या पिकअपने.

दाजींसाठी हे गणित मी वहीत मांडलं. आरसी काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजनही. दोन्हींमधला फरक म्हणजे तुमची एकूण मुभा. ती 500 किलो धरू. दाजी, ताई आणि दोन वाढती मुलं मिळून 270. बर्फाची पेटी, बॅगा, हौद्यात टाकलेलं किडुकमिडुक 60. हुक आणि त्याचा लोखंडी सांगाडा 30. झाले 360. उरले 140.

छोटा ट्रेलर सामानासकट 750 किलोचा धरला, तर हुकवर 75 ते 112 किलो येतात. बसतात. कॅरव्हॅन भरून 1700 किलोची धरली, तर 170 ते 255. बसत नाहीत. इंजिन 163 पीएसचं असो की 204 चं, या वजाबाकीत त्याचा काही संबंध नाही. दोन्ही फोटोंचा निकाल खरं तर इथेच लागतो, पण दाजींना तो पटला नाही. "मागे स्प्रिंगचे पाटे वाढवून घेऊ," म्हणाले.

पाटे वाढवले तर गाडी दिसायला सरळ उभी राहते. आरसीवरचा आकडा तेवढाच राहतो आणि पुढची चाकं हलकी व्हायची थांबत नाहीत. हुक मागच्या एक्सलच्याही मागे असतो, साधारण सव्वा मीटर तरी. हायलक्सच्या दोन एक्सलमधलं अंतर 3085 मिलिमीटर. हुकवर 200 किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर 280 च्या आसपास येतात आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे 80 किलो कमी होतात. म्हणजे ट्रेलर उलाळ होऊ नये म्हणून जो भार पुढे घेतला, त्याने आपली गाडीच उलाळ होते. स्टिअरिंग हलकं लागतं, दिवे आभाळात जातात, पावसात वळणावर पुढची चाकं पकड सोडतात. यावर भार थोडा पुढच्या चाकांकडे ढकलणारा, सळयांचा वेगळा हुक मिळतो आणि तो कामही करतो. पण मुभेपेक्षा जास्त झालेलं वजन त्याने कमी होत नाही.

वजन अंदाजाने धरू नका. कॅरव्हॅन विकणारा रिकाम्या गाडीचं वजन सांगतो. त्यात पाणी नसतं, सिलिंडर नसतो, गाद्या-भांडी नसतात. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो. घरचा सिलिंडर भरलेला असला की तीसएक किलो. आपल्याकडे मात्र एक सोय अशी की वजनकाटा शोधत फिरावं लागत नाही. कांद्याच्या ट्रॉल्या जिथे चढतात तिथेच जायचं. आधी एकटी पिकअप, माणसं आणि सामानासकट. मग ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त पिकअपची चाकं ठेवून. दोन्हींतला फरक म्हणजे हुकवरचा भार. मग दोन्ही मिळून एकूण वजन. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात, तेवढं चालतं. छोट्या ट्रेलरचा भार घरच्या वजनकाट्यावरही कळतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या टोकाखाली एक ठोकळा उभा करून तो त्या काट्यावर टेकवायचा, मात्र आधी ट्रेलरच्या चाकांना दगड लावून.

भार कमी भरला तर पाण्याचे कॅन पुढे सरकवा, जास्त भरला तर एक्सलच्या वर आणा. सगळ्यात मागे, झाकणाच्या टोकाला, जड काही ठेवायचं नाही. सायकलींचा स्टँड लोक नेमका तिथेच लावतात.

आता थांबण्याचं. कसारा आणि इगतपुरीच्या मधल्या रेल्वेघाटाचा चढ 37 ला 1 आहे. तेवढ्यासाठी गाड्यांना मागून ढकलायला वेगळी इंजिनं जोडावी लागतात. रस्त्याचे चढ त्याहून तीव्र. चढताना आपण फार तर हळू जातो, मागचे चार ट्रकवाले हॉर्न देतात, संपलं. उतरताना ट्रेलर मागून ढकलत असतो आणि दुसऱ्याच वळणाला ब्रेक तापायला लागतात. पेठ रस्त्याचा सावळघाट घ्या, सप्तशृंगगडावरून नांदुरीला उतरायचा रस्ता घ्या, चांदवडपुढचा राहूड घाट घ्या. नाशकातून दोन दिवसांसाठी बाहेर पडायचं म्हटलं की बहुतेक दिशांना एखादा घाट वाटेत येतोच.

ट्रेलरचे ब्रेक दोन तऱ्हांचे. एकात पिकअप मंदावली की ट्रेलर दांड्यावर दाब देतो आणि त्या दाबाने त्याचे ब्रेक आपोआप लागतात. साधी रचना, वायरिंगची कटकट नाही. दोष एवढाच की लांब उतारावर तुम्ही खालच्या गिअरमध्ये गाडी धरून आणलीत तरी ट्रेलर ढकलतच राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेक सतत घासतात. दुसरे विजेवरचे. त्यांचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी असतो आणि फक्त ट्रेलरचे ब्रेकही लावता येतात. ट्रेलर हेलकावे घ्यायला लागला तर करायचं तेच असतं: ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, पिकअपच्या ब्रेकवर पाय न देता हाताने ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. सरळ करायला म्हणून वेग वाढवायचा नाही. मोठी कॅरव्हॅन घेणार असाल तर विजेचे ब्रेक नसलेली फुकट मिळाली तरी मी घेणार नाही. छोट्याला ब्रेक नसले तर एकट्या पिकअपचे ब्रेक पुरतात, पण घाटात वेग चाळीसच्या खाली आणि गिअर दुसरा-तिसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून खालचा गिअर धरून ठेवायचा.

सपाट रस्त्यावरही हात आवरलेला बरा. 60 वरून 80 वर गेलात की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते. जर्मनीसारख्या गुळगुळीत रस्त्यांच्या देशात ट्रेलर जोडलेल्या कारला 80 ची मर्यादा आहे, काही अटी पाळल्या तरच 100. आपल्याकडे तर मध्येच रंग उडालेला गतिरोधक येतो. आग्रा रोडवर कंटेनर शेजारून गेला की आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. कॅरव्हॅनची उंच सपाट भिंत हे सगळं अंगावर घेते. बुटका थेंब पिकअपच्या आडोशाला असतो, त्याला वारा फारसा लागतच नाही. डिझेलच्या खर्चातही हा फरक दिसतो.

छोट्याच्या विरोधात एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण विकणारा ती सांगत नाही: रिव्हर्स. लोकांना वाटतं लहान म्हणजे सोपं. उलट आहे. हुक आणि ट्रेलरचा एक्सल यांतलं अंतर जितकं कमी तितका ट्रेलर पटकन आडवा फिरतो. लांब कॅरव्हॅन सावकाश वळते, चूक दिसते, सुधारता येते. मी एकदा उसना आणलेला छोटा ट्रेलर घेऊन भंडारदऱ्याच्या वाटेवर चुकीच्या बोळात शिरलो होतो. पाच मिनिटांत त्याचा कोपरा पिकअपच्या मागच्या दिव्यात घुसवला. शेवटी खाली उतरून, हुक सोडून, दोघांनी हाताने ढकलून बाहेर काढला. कॅरव्हॅनच्या बाबतीत हा शेवटचा उपाय नसतो. म्हणूनच हायलक्सची स्वतःची 5.3 मीटर लांबी अधिक सहा मीटरची कॅरव्हॅन घेऊन घोटीच्या बाजारातून जायचा विचार मी करणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरलं जातं, म्हणून नोंदणी आणि विमा त्याचाही लागतो. कारखान्याच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला कलम 52 ची आडकाठी आहे आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी ठळक केली. त्यामुळे ओळखीच्या वेल्डरकडून ट्रेलर बनवून घेण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विचारा. नंतर विचारलं तर उत्तर महागात पडतं.

तिसरा पर्याय दाजींच्या फोटोंत नव्हता: ट्रेलरच नको, हौद्यावर सांगाडा बसवून वर तंबू. 50 ते 70 किलोचं ओझं, रिव्हर्सची भानगड नाही, वेगळी नोंदणी नाही. दोघांसाठी हाच उत्तम. पण मुक्कामाच्या ठिकाणी तंबू न मिटता गाडी कुठे नेता येत नाही, आणि शिडी चढणं ताईच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. तो तिथेच बाद झाला.

तर, चौघांचं घर आणि घाटाचे रस्ते असतील तर माझं मत छोट्याला. मोठी घ्यायला हरकत नाही ती एकाच स्थितीत: ओढून नेऊन एका जागी महिनोन्महिने ठेवणार असाल, म्हणजे मळ्यातच पाहुण्यांची खोली म्हणून. तेव्हा टाकी रिकामी, आत सामान नाही, पिकअपमध्ये एकटा ड्रायव्हर. वर मांडलेलं गणित मग बदलतं. तरी ते काट्यावर पुन्हा करून बघायचं.

दाजींनी छोटा ठरवला, निदान आज तरी. बॉलचं माप कप्लरवर, म्हणजे दांड्याच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, कोरलेलं असतं, ते जुळवून घ्या एवढं मी बजावलंय. 50 मिलिमीटरच्या कप्लरमध्ये लहान बॉलही बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या गतिरोधकाला बाहेर येतो. साखळ्या दोन, दांड्याखालून एकमेकींना ओलांडून. चाकांचे नट पहिल्या 80 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. ताईने विचारलं, मग संडासाचं काय. त्यावर दाजी अजून गप्प आहेत.