नळीचा स्प्रिंगबॅक: सिम्युलेशन की ट्रायल बेंड?

नळी वाकवून सोडली की थोडी उलगडते (यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात), हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. अडचण असते ती किती उलगडेल हे आधी सांगण्याची. रोटरी ड्रॉ पद्धतीने, म्हणजे नळी पकडून फिरत्या डायभोवती (साच्याभोवती) ओढत वाकवून, काम करणाऱ्यांपुढे त्यासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. संगणकावर फायनाइट एलिमेंट सिम्युलेशन करून (नळीचे बारीक तुकडे कल्पून तिचे वागणे गणिताने काढून) कोन काढायचा, किंवा त्याच लॉटमधल्या, म्हणजे मालाच्या त्याच खेपेतल्या, नळीवर दोन ट्रायल बेंड घेऊन त्यांवरून दुरुस्ती ठरवायची. मी दोन्हींनी काम केले आहे.

ट्रायल बेंडची पद्धत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. नळी, डाय आणि मशीनची मांडणी तीच राहिली, तर अगदी लहान कोन वगळता स्प्रिंगबॅक कोनाच्या प्रमाणात जवळपास सरळ रेषेत वाढतो. समजा, ३० अंशांच्या बेंडला नळी १.५ अंश उलगडली आणि १२० अंशांच्या बेंडला ४.२ अंश, तर दर अंशामागे ०.०३ अंशाची वाढ आणि ०.६ अंशाचा स्थिर भाग मिळतो, आणि ९० अंश हवे असतील तर मशीनला सुमारे ९३.४ अंश द्यावे लागतात. एवढ्या हिशेबाला कागद पुरतो, आणि त्यातला प्रत्येक आकडा हातातल्या नळीवरूनच आलेला असतो.

सिम्युलेशनची ताकद वेगळीच आहे. डाय बनवण्याआधीच बाहेरच्या बाजूची भिंत किती पातळ होईल, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतील का, नळी किती लंबगोल होईल, हे दिसते. मँड्रेलची (नळी चेपू नये म्हणून आत घातलेल्या दांड्याची) जागा किंवा प्रेशर डायचा (नळीला बाहेरून दाबून धरणाऱ्या भागाचा) जोर बदलला तर काय होईल, हेही नळी न बिघडवता तपासता येते. ट्रायल बेंड यातले काहीच आधी सांगत नाही, हे मान्य करायलाच हवे.

तरीही माझे मन सिम्युलेशनवरून उठले ते एकाच गोष्टीमुळे: ते जी माहिती मागते, ती माल देणाऱ्याच्या सर्टिफिकेटवर नसते. तिथे यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो), टेन्साइल स्ट्रेंग्थ (तो सोसू शकणारा कमाल ताण) आणि एलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबीतली वाढ) असते. पदार्थ ताणाबरोबर कसा कठीण होत जातो याची संपूर्ण वक्ररेषा नसते. मानकांवर भिस्त ठेवावी, तर ती बहुधा किमान मर्यादाच सांगतात. अनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ३०४ स्टेनलेस पोलादासाठी २०५ मेगापास्कल ही यील्डची सर्वपरिचित किमान मर्यादा आहे, पण प्रत्यक्ष नळी तिच्या बरीच वर असू शकते, आणि स्प्रिंगबॅक ठरतो तो याच यील्ड व लवचिकता गुणांकाच्या (धातूच्या ताठपणाच्या मापाच्या) गुणोत्तरावर. शिवाय पट्टीपासून नळी बनवताना आणि ती सरळ करताना धातू आधीच थोडा कठीण झालेला असतो. खुद्द लवचिकता गुणांकही स्थिर मानता येत नाही. भार काढताना पोलादाचा परिणामी गुणांक आधी झालेल्या प्लास्टिक (कायमच्या) विकृतीनुसार घटतो, आणि काही उच्च ताकदीच्या पोलादांत ही घट १० ते २० टक्क्यांपर्यंत जाते. पुस्तकातला आकडा तसाच भरला, तर स्प्रिंगबॅकचे उत्तर कमी येते. घर्षणाचा गुणांक तर बहुतेक वेळा अंदाजानेच भरावा लागतो.

मग आपण काय करतो? एक बेंड प्रत्यक्ष घेतो आणि मॉडेलचे आकडे त्याच्याशी जुळवतो. ट्रायल घ्यावाच लागणार असेल, तर कोनाचे उत्तर त्या ट्रायलमध्येच मिळालेले असते, आणि नवा लॉट आला की ही जुळवणी बहुधा पुन्हा करावी लागते. माझ्या अनुभवात लॉट बदलल्यावर जो फरक पडला, तो सिम्युलेशनमध्ये मेश (त्या कल्पित तुकड्यांचे जाळे) बारीक करून मिळवलेल्या सुधारणेपेक्षा नेहमीच मोठा होता. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, विशेषतः ज्यांच्याकडे प्रत्येक लॉटची टेन्साइल चाचणी घरच्या घरी होते.

ट्रायलची शिस्त मात्र पाळावी लागते. मँड्रेलची जागा, वंगण आणि प्रेशर डायचा जोर उत्पादनात असेल तसाच ठेवावा. वेल्ड केलेल्या नळीची शिवण प्रत्येक वेळी एकाच बाजूला, शक्यतो न्यूट्रल अक्षाजवळ (जिथे धातू ना ताणला जातो ना दाबला जातो) यावी. कोनाबरोबर त्रिज्याही मोजावी, कारण उलगडताना ती थोडी वाढते, आणि अनेक बेंड असलेल्या नळीत हीच वाढ शेवटच्या टोकाची जागा हलवते. नेमके हे पुष्कळदा राहून जाते.

डाय अजून बनायची असेल, बेंडची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या दीडपटीच्या आसपास, म्हणजे फार लहान, असेल, किंवा टायटॅनियमसारखी महागडी नळी वाया घालवणे परवडणार नसेल, तर सिम्युलेशनचा खर्च मला योग्य वाटतो. तिथेही त्याच्याकडून आकाराचे आणि भिंतीच्या जाडीचे उत्तर घ्यावे, आणि मशीनला द्यायचा कोन पहिल्या दोन नळ्यांवरून ठरवावा.