काउंटरवर अचूक, कानाला घोगरा

क्यूओ-१०० या उपग्रहावरील हौशी रेडिओचे संदेश १०,४८९ मेगाहर्ट्झच्या आसपास येतात आणि ते ऐकताना डिशवरच्या एलएनबीला (आलेला सिग्नल खालच्या वारंवारतेवर आणणाऱ्या भागाला) स्थिर संदर्भ-सिग्नल द्यावा लागतो, म्हणून मी गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ९,५०० रुपयांना १० मेगाहर्ट्झचा असा सिग्नल देणारी पेटी घेतली. आत ओव्हनमधला, म्हणजे एकाच तापमानाला गरम ठेवलेल्या डबीतला क्रिस्टल असून तो जीपीएसच्या वेळेशी बांधलेला आहे, असे जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते. खात्रीसाठी विचारले तेव्हा विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला. त्यात फ्रिक्वेन्सी काउंटरवरचा १०.०००००० हा आकडा जराही हलत नव्हता. त्या आकड्यावर मी विश्वास ठेवला आणि फसलो.

काउंटर ठरावीक वेळेत किती आवर्तने झाली एवढेच मोजतो. प्रत्येक आवर्तन वेळेवर आले की पुढेमागे झाले, हे तो सांगत नाही. हे पुढेमागे होणे म्हणजेच फेज नॉइज. १० मेगाहर्ट्झवरून एलएनबीच्या अंतर्गत ऑसिलेटरच्या ९,७५० मेगाहर्ट्झपर्यंत वारंवारता ९७५ पट होते, आणि मूळ सिग्नललगतचा नॉइज त्याबरोबर जवळपास ६० डेसिबलने वाढतो. उपग्रहाचा बीकन, म्हणजे सतत चालणारा खुणेचा सिग्नल, जागच्या जागी सापडत होता, पण मोर्सचा स्वच्छ सूर घोगरा आणि फाटका येत होता. मी आधी डिशवर, मग एलएनबीवर संशय घेतला आणि त्यात वस्तू परत करण्याची मुदत निघून गेली.

शेवटी पेटी किती प्रवाह घेते ते मोजले. ओव्हन खरा असेल तर तो सुरुवातीला जास्त प्रवाह ओढतो आणि काही मिनिटांत गरम झाल्यावर प्रवाह उतरतो. इथे मीटरवरचा आकडा पहिल्या क्षणापासून तसाच राहिला. झाकण उघडले, तर ओव्हन म्हणून दाखवलेली चकचकीत डबी सर्किट बोर्डावर नुसती बसवलेली होती, तिच्या पिना कशालाही जोडलेल्या नव्हत्या. सिग्नल थेट एका स्वस्त जीपीएस मॉड्यूलच्या टाइमपल्स पिनेवरून, म्हणजे वेळेचे ठोके देणाऱ्या पिनेवरून घेतला होता. त्या मॉड्यूलचे अंतर्गत घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचे आहे. ४८ ला १० ने पूर्ण भाग जात नसल्याने ते कधी पाच, कधी चार ठोक्यांचे आवर्तन काढून सरासरी जुळवते, आणि अशी प्रत्येक उडी सुमारे २१ नॅनोसेकंदांची असते. ऑसिलोस्कोपवर लहरीची कड तेवढीच पसरलेली दिसली. सेटिंग बदलून ८ मेगाहर्ट्झ केल्यावर, म्हणजे पूर्ण भाग गेल्यावर, तो पसारा जवळजवळ नाहीसा झाला.

विक्रेत्याला सगळी छायाचित्रे पाठवली, त्यावर "काउंटर बरोबर दाखवतो ना?" एवढेच उत्तर आले. अशी पेटी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी, थंड पेटी चालू केल्यापासून पंधरा मिनिटांचा प्रवाहाचा व्हिडिओ आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागून घ्यावीत. तीच पेटी, तोच काउंटरचा व्हिडिओ जोडून, अजूनही विक्रीला आहे.