अथेन्स-स्पार्टा वर्गसंच : सोडतयंत्र उत्तम, स्पार्टाचा तक्ता दुरुस्त करून वापरा

बेळगावात खडेबाजारच्या शालेय साहित्याच्या दुकानांत मिळणाऱ्या, प्राचीन ग्रीसमधली अथेन्स आणि स्पार्टा ही नगरराज्ये शिकवण्याच्या या संचात एक लाकडी सोडतयंत्र, 50 नावपट्ट्या, 10 गोट्या आणि दोन तक्ते येतात. तक्त्यांची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. एकाच आवारात दोन्ही माध्यमे चालवणाऱ्या खानापूर-निपाणीकडच्या शाळांना हे फार सोयीचे. पैसे वसूल होतात ते मात्र यंत्रामुळे.

अथेन्सच्या न्यायमंडळात त्या दिवशी कोण बसणार, हे अशाच दगडी यंत्रावर ठरे. ग्रीक नाव क्लेरोटेरिओन. संचातल्या फळीवर 5 उभे रकाने आणि 10 आडव्या ओळी आहेत. प्रत्येक मुलाने आपली पट्टी खाचेत खोवायची. 20 पंच हवे असतील तर 4 पांढऱ्या आणि 6 काळ्या गोट्या बाजूच्या नळीत सोडायच्या. खिट्टी ओढली की एक गोटी पडते. पांढरी पडली तर वरची आडवी ओळ अख्खी निवडली गेली, काळी पडली तर अख्खी बाद. मग दुसरी ओळ.

चूक होते ती गोट्या भरताना. एकेक टाकल्या तर टाकल्या त्याच क्रमाने पडतात आणि सोडत उरतच नाही. पिशवीत हलवून नरसाळ्याने एकदम ओता. शिवाय संचातल्या पांढऱ्या गोट्या किंचित मोठ्या आहेत, त्या नळीत अडकतात. दहाही एकाच मापाच्या घ्या. पावसाळ्यात खानापूरकडे फळी फुगून खाचा आवळतात. पॉलिश पेपर मारून कडांना वॉर्निश लावले की भागते.

चिठ्ठीवर राज्य चालवणे मुलांना पोरखेळ वाटते. तेव्हा भिशी आठवून द्यावी : ज्याचा नंबर लागला त्याची चिठ्ठी पुन्हा डब्यात पडत नाही. अथेन्सच्या 500 जणांच्या बूले या कारभारी मंडळातही दरवर्षी सोडतीने माणसे बदलत, आणि एकाला आयुष्यात दोनदाच बसता येई. 10 सेनापती मात्र मतदानाने निवडत, तेही कितीही वेळा. पेरिक्लीस त्यामुळेच वर्षानुवर्षे टिकला. तक्त्यावर हा फरक छान दाखवला आहे. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना मत नव्हते, हे मात्र तळाला इतक्या बारीक अक्षरांत आहे की मागच्या बाकावरून दिसत नाही. ते मोठे लिहून चिकटवाच.

स्पार्टाची मराठी बाजू चुकली आहे. मथळाच ‘राजेशाही’. स्पार्टात राजे दोन, वेगवेगळ्या घराण्यांतले, आणि त्यांच्यावर दरवर्षी निवडलेल्या 5 इफोरांचा, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, वचक. राजावर खटला भरण्यापर्यंत त्यांचा अधिकार. साठी ओलांडलेले 28 तहहयात सभासद आणि दोन्ही राजे मिळून 30 जणांची गेरूसिया, म्हणजे ज्येष्ठांची सभा. कन्नड बाजूला इफोर आहेत, मराठीत ती ओळच गळली. मग मुले सरळ लिहितात की स्पार्टात राजा म्हणेल तसे.

हेलॉटांना ‘शेतमजूर’ म्हटले आहे, ते त्याहून वाईट. ते जमिनीला जखडलेले गुलाम होते. इफोर दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलॉटाला मारणाऱ्याला पाप लागू नये. मूठभर नागरिक जन्मभर शस्त्र धरून का राहिले, हे त्याशिवाय कळणार नाही. इ.स.पू. 371 मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत 700 स्पार्टन नागरिकांपैकी 400 पडले आणि दोन वर्षांत स्पार्टाच्या ताब्यातल्या मेसेनिया प्रांतातले हेलॉट मोकळे झाले.

स्पार्टासाठी संचात खेळ नाही, पण त्याला साहित्यही लागत नाही. गेरूसियाची निवड आरोळीवर होई. तीन पंच पाटी घेऊन शेजारच्या खोलीत बसवा, दार लावा. उमेदवार एकेक करून वर्गापुढून जाईल, वर्ग ओरडेल, आवाज किती मोठा ते पंच नोंदवतील. उमेदवारांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तो पंचांना कळू देऊ नका.