१९०९ आणि ट्रूकॉलर: नको असलेल्या फोनांवर कशाचा किती उपयोग

डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी १९०९ वर नोंदणी, करूनही पनवेलच्या टू बीएचकेचे फोन थांबत नाहीत, ही तक्रार मुंबईत घरोघरी आहे आणि ती खरीही आहे. पण त्यामुळे १९०९ ही सेवाच निकामी ठरत नाही. तिचा निम्मा भाग कुणी वापरतच नाही.

नोंदणी सोपी आहे. इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहायचं, एक जागा सोडून शून्य टाकायचं आणि मेसेज १९०९ वर पाठवायचा. पैसे पडत नाहीत. ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज चालूच राहतात. फक्त घरखरेदी किंवा फक्त कर्जाच्या जाहिराती बंद करायच्या असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी ॲपमधून प्रकार निवडता येतात.

या नोंदणीने अडतात ते नियमाने चालणारे, म्हणजे १४० पासून सुरू होणाऱ्या नंबरांवरून जाहिरात करणारे. एजंट साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करतो, तो या चाळणीत सापडतच नाही. शिवाय एखाद्या प्रॉपर्टी साइटवर फ्लॅटची किंमत बघताना आपणच संमतीच्या चौकटीत टिक केलेली असते. संमती डीएनडीच्या वरचढ ठरते, म्हणून ती टिक आधी काढावी.

दहा आकडी नंबरांवर खरा इलाज तक्रारीचा, आणि तोच राहून जातो. नंबर, तारीख आणि फोन कशाबद्दल होता एवढं डीएनडी ॲपमध्ये भरलं की झालं. ट्रायच्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, फोन आल्यावर तक्रार करण्याची मुदत तीनवरून सात दिवसांची झाली आणि तक्रारीसाठी डीएनडी नोंदणीची अटही गेली. दहा दिवसांत एकाच नंबरविरुद्ध पाच तक्रारी आल्या की कारवाईचा निकष पूर्ण होतो. आधी सात दिवसांत दहा लागायच्या. पहिल्या वेळी फोन करणाऱ्याचे आउटगोइंग १५ दिवस बंद, पुन्हा सापडला तर वर्षभर सगळी कनेक्शनं तोडायची, असा नियम आहे. नुसतं ब्लॉक केल्याने तो नंबर तुमच्यापुरता गप्प होतो, मोजणीत धरला जात नाही. एकच दलाल सोसायटीतल्या सगळ्या मजल्यांवर फोन लावत असेल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर टाकून पाच घरांनी तक्रार करावी. यासारखा उपाय दुसरा नाही.

ट्रूकॉलर हे ॲप फोन वाजतानाच नाव दाखवतं, ते उपयोगाचं आहे. वसुलीवाले, विमावाले लाल रंगात आधीच ओळखू येतात. पण दिसणारं नाव बहुतेक वेळा लोकांनी दिलेलं असतं, कुणी तपासलेलं नसतं. ‘इन्स्पेक्टर, क्राइम ब्रँच’ असं नाव भामटाही लावून घेऊ शकतो. ॲप टाकताना मागितलेल्या परवानग्या एकेक वाचून द्याव्यात. आपलं नाव त्यांच्या यादीतून काढायचं असेल तर नुसतं ॲप उडवून भागत नाही. आधी ॲपमधून खातं बंद करायचं, मग त्यांच्या वेबसाइटवर +९१ सह नंबर देऊन अनलिस्ट करायचं.

अनोळखी फोन सरसकट गप्प करण्याची आयफोनमधली सोय मुंबईत अडचणीची ठरते. कुरिअरवाला, गॅसवाला, शाळेच्या बसची ताई, हॉस्पिटलचं रिसेप्शन, सगळे अनोळखी नंबरांवरूनच बोलतात. मीटिंगपुरती चालू करावी, कायमची नको. व्हॉट्सॲपवर मात्र ती चालूच ठेवावी: सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स, सायलेन्स अननोन कॉलर्स. १९०९ चा अंमल व्हॉट्सॲप कॉलवर चालत नाही.

बँका आणि सरकारी खात्यांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा साध्या मोबाइलवरून आला तर तिथेच फोन ठेवावा. अर्थात १६०० दिसला तरी ओटीपी सांगायचा नाही.

फसवणुकीचा संशय असेल तर १९०९ नव्हे, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरची ‘चक्षु’ ही तक्रारीची सोय वापरा. तिथे व्हॉट्सॲप कॉलचीही तक्रार घेतात. पैसे गेलेच असतील तर चक्षुवर वेळ न घालवता थेट १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून तिथे मिनिटं मोजली जातात.