मिरची-टोमॅटोच्या घरातल्या रोपांना काय द्यावं: गांडूळखत की १९:१९:१९?

खिडकीच्या कट्ट्यावर कागदी कप, प्रत्येक कपात मिरचीचं बोटभर रोप, आणि मनात एकच प्रश्न: आता याला काय घालू? पुण्यात आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मी गेली काही वर्षं घरातच रोपं तयार करते आणि शेजारीपाजारी वाटते. गांडूळखत आणि १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत) ही दोन्ही भरपूर वापरून झाली आहेत, तेव्हा मातीत वाढणाऱ्या, घरात ठेवलेल्या रोपांपुरतं मला काय वाटतं ते स्पष्ट सांगते.

आधी एक गोष्ट. बी रुजल्यावर जी पहिली दोन गुळगुळीत पानं उघडतात, फक्त तीच असेपर्यंत वरून कुठलंच खत देऊ नका. बियाने शिदोरी बांधून दिलेली असते आणि ती दोन पानं स्वतःही अन्न तयार करतात. त्यांच्यामागून खरी पानं येतात. टोमॅटोची कातरलेली, मिरचीची टोकदार. खऱ्या पानांच्या दोन जोड्या दिसल्या की मगच खताचा विचार. पुढे ती पहिली दोन पानं पिवळी पडून गळतात. त्यांचं काम संपलेलं असतं, तेव्हा ते पाहून घाईघाईने खत घालू नका.

आता दोन्ही खतं शेजारी ठेवून बघू. अर्धा लिटर मातीच्या कुंडीत पाचवा हिस्सा गांडूळखत मिसळलं तर ते साधारण ६० ग्रॅम होतं. त्यात नत्र १ टक्का धरलं तरी ६०० मिलिग्रॅम. पण ते बहुतेक सगळं सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं. मातीतले जिवाणू ते सोडवतील तसतसं, थोडं थोडं, मुळांना मिळतं. दुसरीकडे १९:१९:१९ अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं १०० मिलिलिटर कुंडीत घातलं, तर नत्र जातं फक्त साडेनऊ मिलिग्रॅम. पण ते जवळजवळ लगेच हाती येतं. एकीकडे भरलेली कणगी, दुसरीकडे ताटात वाढलेला घास. लहान मुळांना कणगी जास्त सोसते, कारण चुकून जास्त पडलं तरी एकदम अंगावर येत नाही.

याच एका कारणासाठी माझा कौल गांडूळखताला आहे. विद्राव्य खत वाईट नाही, पण त्यात चुकायला जागा फार कमी. तीन वर्षांपूर्वी मी एक पाकीट आणलं. त्यावर प्रमाण होतं १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. हिशेब केला, लिटरला ५ ग्रॅम, आणि तेच पाणी कपांत ओतलं. ते प्रमाण शेतातल्या वाढलेल्या पिकावर फवारण्यासाठी होतं, पण पाकिटावर कुंडीचा, रोपाचा कुठे उल्लेखच नव्हता. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या, आठवड्यात कपाच्या काठाला मिठासारखी पांढरी रेघ आली. एक रोप उपटून पाहिलं तर मुळांची टोकं चहा मुरल्यासारखी काळपट. २४ पैकी १७ रोपं गेली. उरलेली वाचली ती कप भरभरून साधं पाणी ओतून, खालच्या भोकातून वाहू दिल्यावर.

म्हणून १९:१९:१९ वापरायचंच असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम. घरी वजनकाटा नसला तर चहाचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरा, म्हणजे १० लिटरच्या बादलीला एक चमचा. बादलीभर नको असेल तर बाकीचं मोठ्या कुंड्यांना घाला, पण चमच्याचा दहावा भाग डोळ्यांनी मोजायचा नाद करू नका. १० दिवसांतून एकदा, माती आधी ओली असताना. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीच नाही. किलोच्या पाकिटातून या प्रमाणात २००० लिटर पाणी होतं, त्यामुळे खर्चाच्या बाबतीत गांडूळखत याच्यापुढे टिकत नाही. फक्त पावसाळ्यात १९:१९:१९ला दमट हवा लागली की त्याचा दगडासारखा गोळा होतो. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

गांडूळखताचीही उणी बाजू आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा १० अंशांवर येतो, खिडकीजवळची माती गार पडते आणि जिवाणूंचं काम मंदावतं. कणगी भरलेली, पण दार उघडायला कुणी नाही. अशा वेळी खालची खरी पानं फिकट हिरवी, मग पिवळसर होऊ लागली तर ती नत्राची भूक समजा आणि विद्राव्य खताचा एक पातळ हप्ता द्या. मुंबई-ठाण्यात किंवा गोव्यात हिवाळाही उबदार, तिथे याची गरज मला कमी वाटते. दुसरी तक्रार चिलटांची. सतत ओल्या ठेवलेल्या सेंद्रिय मातीवर बारीक काळी चिलटं घोंगावतात. वरची बोटाच्या एका पेराएवढी माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका, ती कमी होतात.

गांडूळखत विकत घेताना मूठभर हातात घ्या. चांगलं असेल तर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, चहापत्तीसारखे दाणे असतात आणि हाताला ऊब लागत नाही. शेणाचा वास किंवा ऊब असेल तर ते अजून कच्चं आहे. चमचाभर पेल्यातल्या पाण्यात ढवळून पाहा; तळाशी जाड वाळू बसली तर दुकान बदला.

जीवामृताबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांची पद्धत २०० लिटर पाण्याच्या पिंपाची आहे: देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. शेतासाठी ती आहे आणि तिथे शोभते. बंद फ्लॅटमध्ये कपांत ओतलं तर वास राहतो आणि चिलटं वाढतात. डीएपी या दाणेदार रासायनिक खताचे दाणे तर लहान रोपाच्या आसपास नकोतच, एक दाणा मुळाशी पडला तरी रोप जळायला पुरे.

आणखी दोन लक्षणं अशी की जिथे दोन्ही खतं निरुपयोगी. रोप काडीसारखं उंच, लुळं होऊन काचेकडे झुकत असेल तर त्याला उजेड कमी पडतोय. नत्र घातलंत तर ते आणखी लांबेल. दिव्याखाली किंवा दक्षिणेच्या खिडकीत हलवा. आणि नवी, शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ते बहुधा लोह मिळत नसल्याचं लक्षण. बोअरचं जड पाणी आणि काळी माती असेल तर हे हमखास दिसतं; लोह मातीत असतं, पण मुळांना उचलता येत नाही. पिण्याचं नळाचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरून बघा.

पहिल्यांदाच करत असाल तर माती भरताना पाचवा हिस्सा गांडूळखत मिसळा, सोबत कपाला चिमूटभर निंबोळी पेंड, आणि महिनाभर फक्त पाणी. पन्नासेक रोपं करायची असतील, रोज सकाळी दहा मिनिटं त्यांच्याकडे बघायला वेळ असेल आणि मोजून घालायची सवय असेल तर १९:१९:१९ जवळ ठेवा. रोपं जोमाने वाढतात हे मी पाहिलं आहे. आठवडाभर गावी जायचं असेल तर मात्र आदल्या दिवशी खताचं पाणी देऊ नका. माती सुकत जाते तसतसे क्षार दाट होत जातात, आणि ते धुऊन काढायला घरात कुणी नसतं.