पदपथ मोकळा हवा, पण माणसे जाणार कुठे? मुंबईतील तीन पर्याय

भायखळा किंवा दक्षिण मुंबईतील एखाद्या रहिवासी संघाला पदपथाबाबत आणि त्यावर राहणाऱ्या कुटुंबांबाबत वॉर्ड कार्यालयाला निवेदन द्यायचे असेल, तर त्यात नेमके काय मागायचे हे आधी ठरवावे लागते. त्याहीआधी टेप घेऊन पदपथ मोजावा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या मानकानुसार चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी विनाअडथळा हवी. ती अनेकदा उभ्या केलेल्या दुचाकींनी आणि दुकानांच्या मालानेही खाल्लेली असते.

पहिला पर्याय पदपथावरील कुटुंबांना हटवण्याच्या कारवाईचा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 314 नुसार पदपथावरील अतिक्रमण नोटीस न देताही काढता येते. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, परंतु उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि सामान्यतः नोटीस द्यायला हवी, असेही त्याच निकालात सांगितले. या पर्यायात रस्ता त्याच दिवशी मोकळा होतो, एवढाच त्याचा गुण. हमाली, कचरावेचणी, धुणीभांडी ही कामे त्याच परिसरात असल्याने माणसे काही दिवसांत परततात. परत येत नाहीत ती भांडी, ताडपत्री आणि कागदपत्रे, आणि कागद गेले की पुनर्वसनाचा दावाही लंगडा पडतो. अशी कारवाई मागणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा पर्याय निवाऱ्याचा. केंद्र सरकारच्या, 2024 मध्ये मुदत संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा होता, आणि तो चोवीस तास उघडा असणे अपेक्षित होते. मुंबईची 2011 ची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख धरली, तरी सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. प्रत्यक्षातील संख्या त्याहून फारच कमी आहे. शिवाय नवरा-बायको-मुलांना वेगवेगळे ठेवणारा निवारा कुटुंबे स्वीकारत नाहीत, आणि त्यांचा नकार मला रास्त वाटतो.

तिसरा पर्याय कायम घराचा. भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांनी ‘महिला मिलन’ या आपल्या संघटनेतून बचत करत मानखुर्दला मिलन नगर ही घरांची वसाहत उभी केली. टिकाऊ मार्ग हाच, मात्र त्याला वर्षे लागतात आणि काम दूर पडते.

म्हणून निवेदनात दुकानांचा माल व दुचाकी तातडीने हटवणे, त्याच वॉर्डात कुटुंबांसाठी निवारा, आणि तो सुरू झाल्यावरच लेखी नोटिशीने स्थलांतर, असा क्रम मागावा.